पुराच्या बोटीत मांजराला जागा का नाही?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पावसाळ्याच्या तयारीची बातमी होती. बोटी किती, लाइफ जॅकेटं किती, कुठल्या शाळेत किती कुटुंबांची सोय, सगळं व्यवस्थित छापलं होतं आणि वाचून बरं वाटलं, कारण आम्ही सांगलीत गावभागात राहतो, आणि जून उजाडला की आमच्याकडं लोक आभाळाकडं कमी आणि कोयना धरणाच्या बातमीकडं जास्त बघतात. पण जनावरांसाठी त्या अख्ख्या बातमीत एकच ओळ होती, अगदी शेवटी, की नागरिकांनी आपली जनावरं सुरक्षित ठिकाणी हलवावीत. कुठं हलवायची? कशात घालून न्यायची? तिथं त्यांना वैरणपाणी कोण करणार? काही नाही. आणि घरातली कुत्री, मांजरं, कुणाच्या चार कोंबड्या, कुणाच्या दोन शेळ्या, यांचा तर उल्लेखच नाही. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. थोडं लांबेल, जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

ऑगस्ट २०१९ चं सांगते. आमच्या गल्लीत सगळ्यांचं माप एकच होतं, २००५ चा पूर. तेव्हा पाणी आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीला लागून परत गेलेलं, त्यामुळं सगळे म्हणत होते फार तर तिसऱ्या पायरीला येईल, सामान कट्ट्यावर ठेवा म्हणजे झालं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तळमजला गेला, गॅस गेला, लाइट तर आधीच गेलेली, आणि आम्ही सगळे वरच्या खोलीत, सासूबाई, त्यांची शुगरची इंजेक्शनं संपत आलेली, धाकटा सहा वर्षांचा, आणि आमचा बंड्या. बंड्या म्हणजे साधा गावठी कुत्रा, पावसात भिजलेलं पिल्लू म्हणून आणलेला आणि मग घरचाच झालेला.

तिसऱ्या दिवशी बोट आली. बोटीवरच्यांनी सांगितलं, फक्त माणसं, जनावर नाही. मी त्यांना दोष देत नाही, गल्ली अरुंद, वायरी लोंबत होत्या, पाण्याला ओढ होती, बोट लहान आणि पुढच्या बोळात एक बाळंतीण अडकलेली. त्यांना वरनं जे सांगितलेलं तेच ते करत होते. मी सासूबाईंकडं बघितलं, पोराकडं बघितलं, आणि बंड्याला गच्चीवर दोन बादल्या पाणी, होता नव्हता तेवढा भात आणि बिस्किटाचे पुडे फोडून ठेवून बोटीत बसले. तो भुंकला नाही. कठड्यावर पुढचे पाय ठेवून नुसता बघत राहिला. सहा वर्षांचा पोरगा बोटीत मला एवढंच विचारत होता की आई आपण त्याला नंतर नेणार ना, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या समोरच्या घरात एक आजी एकट्या राहतात. तेव्हा त्यांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, पोरगं लांब नोकरीला. त्यांच्याकडं मनी नावाची मांजर. आजींनाही तेच सांगितलं, मांजर ठेवा आणि चला. आजी म्हणाल्या, "मग मला बी जनावर समजा आणि ऱ्हाऊ द्या हितंच." खूप समजावलं, बोटीवरच्यांनी, आम्ही, खाली पाण्यात उभ्या पोरांनी. नाही आल्या. बोट पुढं गेली.

आम्ही मिरजेला पाहुण्यांकडं पोचलो आणि मी ज्या ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते त्या सगळ्यांवर आमचा पत्ता, बंड्याचा फोटो आणि आजींचं असं असं टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरनं फोन आला, ताई तुमची गल्ली नेमकी कुठली, मारुती चौकाकडनं यायचं का. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची चार पोरं होती, त्यात एक मुलगी जनावरांची डॉक्टर. त्यांच्याकडं स्वतःची बोट नव्हती, मागून आणलेली होती, आणि शेवटचं अंतर तर म्हणे ते गुऱ्हाळाच्या काहिलीतनं आले, आमच्याकडं पुरात काहील होडीसारखी वापरतात हे आपल्या वाचकांना माहीत असेल.

त्यांनी आधी आजींच्या घरात मनीला पकडलं. पोत्यात नाही घातलं. उशीच्या अभ्र्यात घातलं आणि वर गाठ मारली, कारण अभ्र्यातनं हवा खेळते, नखं लागत नाहीत आणि अंधार झाला की मांजर शांत बसतं. तो अभ्रा त्यांनी आजींच्या मांडीवर दिला आणि म्हणाले, आजी आता बसा. आजी बसल्या. दोन दिवस कुणाचं न ऐकणारी बाई एका मिनिटात बोटीत बसली. मग आमच्या गच्चीवरनं बंड्याला कापडाचं मुसकं बांधून खाली घेतलं. तोही चावला नाही हे त्या मुलीनं मुद्दाम सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून असेल.

एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये त्यांनी सगळी जनावरं ठेवलेली. कुत्री एका बाजूला, मांजरं वरच्या मजल्यावर, मधे ताडपत्री. प्रत्येकाच्या गळ्यात चिकटपट्टीवर मालकाचं नाव, गल्ली आणि फोन नंबर लिहिलेला, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेला, म्हणजे न्यायला येईल त्याला फोटो दाखवून, खात्री करूनच जनावर द्यायचं. रेबीजची लस, पाण्यात राहून पायाच्या बोटांत चिघळलेल्या जखमांना औषध, पोट बिघडलेल्यांना सलाईन. एक पैसा घेतला नाही. पाणी ओसरल्यावर नवव्या दिवशी आम्ही बंड्याला घरी आणला आणि त्या रात्री आमचं पोरगं पहिल्यांदा नीट जेवलं.

संपादक साहेब, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. त्या पोरांनी मांजर वाचवली असं पेपरात आलं असतं, पण त्यांनी खरं तर आजींना वाचवलं. मांजरीवाचून त्या निघणारच नव्हत्या.

यावर लगेच एक वाक्य ऐकायला मिळतं, मला तेव्हाही ऐकवलं गेलं, की इथं माणसं मरतायत आणि तुम्हाला कुत्र्यामांजरांचं पडलंय. मला त्या माणसाचा रागही येत नाही कारण त्याच्या डोळ्यासमोर त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात माणसांसकट उलटलेली बोट होती आणि ते दृश्य विसरण्यासारखं नाही. पण हा हिशोबच चुकीचा आहे. माणूस आणि जनावर अशा दोन रांगा नसतात. एकाच घराचा एकच निर्णय असतो, निघायचं की नाही निघायचं, आणि त्या निर्णयात दावणीची म्हैस असते, कोपऱ्यातली शेळी असते, मांडीवरचं मांजर असतं.

हे दुसरीकडं लोकांना कळलेलं आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं, न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं, तिथंही लोकांना हलवणाऱ्या बसमध्ये जनावरांना मनाई होती. एका लहान मुलाच्या हातातनं पोलिसानं त्याचा छोटा पांढरा कुत्रा काढून घेतला आणि तो पोरगा स्नोबॉल, स्नोबॉल म्हणत उलटी होईपर्यंत रडला, ती बातमी सगळ्या देशात गाजली. नंतर फ्रिट्झ इन्स्टिट्यूटनं पाहणी केली तेव्हा घर न सोडलेल्यांपैकी ४४ टक्के लोक म्हणाले की न निघण्यामागं एक कारण हे होतं की पाळलेलं जनावर मागं सोडवत नव्हतं. त्यानंतर २००६ मध्ये त्यांनी कायदा केला, पेट्स अॅक्ट, की आपत्तीत केंद्राची मदत हवी असेल तर राज्यांच्या आणि गावांच्या आराखड्यात पाळीव प्राणी धरलेले पाहिजेत. किती मोठी गोष्ट आहे बघा. तिथंही तोपर्यंत हॉल भाड्यानं घेऊन, पिंजरे मांडून, याद्या करून हे काम प्राणी संस्थाच करत होत्या, सरकार मागनं आलं.

आता त्याच २००५ मध्ये आपल्याकडं काय झालं आठवा. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, गोठ्यांत बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडाल्या. इकडं सांगली कोल्हापूरला पूर. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. म्हणजे दोन्हीकडं एकाच वर्षी धडा मिळाला. आमच्या बोटीवर मात्र २०१९ मध्येही फक्त माणसंच चालत होती.

आणि यात एक गोष्ट मला फार टोचते. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात लिहिलंय की जनावराचे भुकेनं किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत कारणाशिवाय त्याला सोडून जाणं हा गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळी १० ते ५० रुपये, तो किती जुना आणि किती कमी, तो भाग वेगळा. पण बघा, एकीकडं कायदा म्हणतो टाकून जाऊ नका आणि दुसरीकडं बोट म्हणते टाकल्याशिवाय घेणार नाही. मग माणसानं करायचं काय? मेल्यावर मात्र सगळं ठरलेलं आहे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, शेळीमेंढीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये होते, तेही ठरावीक संख्येपर्यंतच. ही मदत पाहिजेच, ज्याची म्हैस गेली त्याचं घर कोलमडतं, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलत नाही. पण जिवंत असताना तिला हलवायला एक ट्रक, एक शेड आणि चार पेंढ्या कडबा लागतो, त्याचा खर्च नुकसानभरपाईहून कमीच येईल की.

आपल्याला हे येत नाही असंही नाही. आपल्या भागात दुष्काळ पडला की चारा छावणी काढायची हे लहान पोरालाही माहीत आहे. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं २०१२ च्या दुष्काळात छावणी काढली तेव्हा लोक नुसती जनावरं सोडून घरी गेले नाहीत, कुटुंबंच्या कुटुंबं जनावरांसोबत तिथं राहायला आली, तिथंच चूल, तिथंच म्हातारी माणसं, तिथंच पोरं. २०१९ ला परत काढली. कुणी म्हटलं नाही की माणसं तहानलेली आहेत आणि तुम्हाला गुरांचं पडलंय. कारण गुरं जगली तर घर जगतं हे दुष्काळी भागातल्या प्रत्येकाला न सांगता कळतं. मग उन्हाळ्यात जे कळतं ते तीन महिन्यांनी पावसाळ्यात का विसरतो आपण? दुष्काळाची छावणी असते तशी पुराची छावणी का नको?

आता संस्थांबद्दल दोन शब्द, कारण पुष्कळ लोकांना वाटतं ही सगळी आजकालची हौस आहे, पैसेवाल्यांचं फॅड. तसं नाहीये. मुंबईत १८७४ साली बॉम्बे एसपीसीए, म्हणजे प्राण्यांवरची क्रूरता थांबवणारी संस्था, सुरू झाली. परळचं जनावरांचं हॉस्पिटल तिचंच, गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतनं उभं राहिलेलं आणि त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचं नाव दिलेलं, आणि त्याच्याच सोबतीनं १८८६ मध्ये परळला मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. तेव्हा मुंबई घोड्यांवर आणि बैलांवर चालत होती. व्हिक्टोरियावाल्याचा घोडा लंगडा झाला की त्या घरची चूल बंद, म्हणजे घोड्यावर औषधपाणी हे त्याच्या बायकापोरांच्या जेवणासाठीच होतं. लंडनमध्येही तसंच. व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत १९१७ साली मारिया डिकिन नावाच्या बाईंनी एका तळघरात दवाखाना उघडला, गरिबांच्या आजारी जनावरांवर मोफत उपचार, कुणाचं गाढव, कुणाचा कुत्रा. तीच आजची पीडीएसए ही मोठी संस्था. माणसाकडं पैसे नाहीत म्हणून जनावरानं मरू नये, एवढी साधी गोष्ट.

आमच्या सांगलीकडं अॅनिमल राहत नावाची संस्था २००३ पासून काम करते. साखर कारखान्यांवर ऊस ओढणारे बैल, वीटभट्टीवरची गाढवं, टांग्याची घोडी, यांना फुकट औषधोपचार. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते की त्यांनी मालकाला नुसता दम नाही दिला. गाढवाच्या पाठीवर जखम का होते, तर तो माणूस दिवसाच्या कमाईवर जगतो आणि त्याच्याकडं दुसरं साधन नाही म्हणून. मग भट्टीवर ट्रॅक्टर यावा आणि गाढवं सुटावीत यासाठी त्यांनी मालकांसोबत बसून वाट काढली. जनावर सुटलं आणि माणसाचा धंदाही राहिला. जनावराला वाचवायचं तर त्याच्या माणसाशी बोलावं लागतं, त्याला शत्रू करून काही होत नाही, हे ज्या संस्थांना कळलंय त्या टिकतात असं माझं मत आहे. नुसते फोटो टाकून लोकांना शिव्या देणाऱ्याही आहेत, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आणि संकट म्हणजे फक्त पूर नव्हे हो. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात माझे मामा कोविडनं अॅडमिट झाले. मामी आधीच गेलेल्या, घरात मामा आणि त्यांची म्हातारी कुत्री, दोघंच. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा मामा दार धरून उभे, मी गेलो तर हिला कोण बघणार. ऑक्सिजन ८८ आणि हा माणूस कुत्रीचं विचारतोय. शेजारी घाबरलेले, त्यांनाही नावं ठेवता येणार नाहीत. प्राणी कल्याण मंडळानं आदल्या वर्षीच पत्रकं काढून सांगितलेलं की कुत्र्यामांजरांपासून कोरोना पसरत असल्याचा पुरावा नाही, त्यांना टाकू नका, पण लोकांच्या मनातली भीती पत्रकानं जात नाही. शेवटी एका संस्थेचा मुलगा पीपीई किट घालून आला, किल्ली घेतली, कुत्रीला गाडीत बसवलं आणि मामांना म्हणाला काका तुम्ही बिनधास्त जा, रोज व्हिडिओ पाठवतो. आणि खरंच रोज पाठवायचा. मामा सतरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. सिस्टर सांगायच्या की सकाळी जेवण आधी नको म्हणतात, आधी मोबाइल मागतात. डॉक्टरांच्या औषधानंच मामा बरे झाले, पण ते अॅम्ब्युलन्समध्ये चढले ते त्या मुलामुळं, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

एकटी राहणारी म्हातारी माणसं आता गावोगावी आहेत. पोरं पुण्यामुंबईला नाहीतर परदेशात. त्यांच्या घरात दिवसभर बोलायला एक मांजर असते. ऑपरेशन पुढं ढकलायचं कारण विचारा, दहातले एक दोन तरी जनावराचं सांगतील, डॉक्टरांना सांगायला लाजतात एवढंच.

अजून एक सांगते, हे लिहू की नको असा विचार करत होते. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या एका बाईंचा नवरा रोज मारायचा. मी दहादा म्हटलं माहेरी जा, तुझी सोय करू, पण त्या जायच्या नाहीत. एक दिवस खरं कारण सांगितलं, दोन शेळ्या. त्यांच्या स्वतःच्या पैशानं घेतलेल्या, सणावाराला, दवाखान्याला, पोरीच्या शाळेला तीच बँक. शेळीला गरिबाची गाय उगाच नाही म्हणत. माझ्यामागं तो एका दिवसात कापून खाईल म्हणाल्या, आणि त्यानं तसं बोलून पण दाखवलेलं. बाईसाठी निवारा आहे, पोरीसाठी आहे, शेळीसाठी कुठंच नाही. मग ज्या पोरांनी बंड्याला काढलं त्यांनाच मी फोन केला. त्यांनी शेळ्या दोन महिने आपल्याकडं ठेवल्या, एक तिथंच व्यायली, आणि बाई पोरीला घेऊन बाहेर पडल्या. आज त्या दुसऱ्या गावात आहेत आणि शेळ्या पाच झाल्यात.

नंतर मला कळलं की इंग्लंडमध्ये नेमक्या याच कामासाठी वेगळी योजनाच आहे. डॉग्ज ट्रस्ट ही संस्था २००४ पासून फ्रीडम प्रोजेक्ट चालवते. घरातल्या मारहाणीतनं बाहेर पडणाऱ्या माणसाचा कुत्रा दुसऱ्या एखाद्या घरी काही महिने सांभाळायला देतात, खाणं आणि डॉक्टरचा खर्च संस्था करते, आणि कुत्रा कुणाच्या घरी आहे हे गुप्त ठेवतात, नाहीतर मारणारा माणूस कुत्र्याचा माग काढत बाईपर्यंत पोचेल. मांजरांसाठी कॅट्स प्रोटेक्शनची तशीच सोय आहे. एवढा बारीक विचार केलाय कुणीतरी. आपल्याकडच्या बायांना शेळी, म्हैस, कोंबड्या हे सोडून जाणं म्हणजे स्वतःची कमाई सोडून जाणं असतं, तर आपल्याकडं याची गरज किती जास्त असेल. महिला आश्रमांनी आणि प्राणी संस्थांनी एकमेकांचे फोन नंबर भिंतीवर लावून ठेवले तरी सुरुवात होईल.

कायद्यानं बघायला गेलं तर २००१ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक जिल्ह्यात एसपीसीए पाहिजे, जखमी आजारी जनावरं ठेवायला जागेसकट. आपल्या जिल्ह्यात ती कागदावर आहे की खरी, तिचं दार कुठं आहे, हे वाचकांनी आपापल्या कलेक्टर ऑफिसात जाऊन विचारावं, आणि उत्तर काय मिळालं ते याच सदरात लिहावं ही माझी विनंती. जनावर आजारी पडलं तर सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे, तोसुद्धा पुष्कळ घरांत माहीत नाही.

आपण काय करायचं, तर पावसाळ्याआधी गुरांना घटसर्प आणि फऱ्याची लस द्या, कारण पुराच्या पाण्यातनं आणि चिखलातनं वाचलेलं जनावर पुढं याच रोगांनी जातं. कुत्र्यामांजराच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन नंबर, त्याचा समोरनं आणि बाजूनं एक एक फोटो मोबाइलमध्ये, लसीचं पुस्तक आधारकार्डाच्याच प्लॅस्टिक पिशवीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी अचानक वाढलं, काहीच हाताशी नाही, निघावंच लागतंय, तर निदान दावं कापा. साखळी काढा, पिंजरा उघडा, गोठ्याचं दार उघडं टाका. म्हैस पोहते. कुत्रं पोहतं. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. २०१९ ला पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा नदीकडच्या एका गोठ्यात चार म्हशी दाव्यालाच होत्या, चारही. मालक बाहेर बसून डोक्याला हात लावून म्हणत होता एक विळा मारला असता तर. त्याला घाईत सुचलं नाही. म्हणून हे मोठ्या अक्षरात छापता आलं तर छापा.

बोटींचं म्हणाल तर मी अशी मागणी करत नाही की प्रत्येक बोटीत कुत्रं घ्या. बाळंतीण आधी, म्हातारी माणसं आधी, यात दुमत नाही. पण माणसं काढणारी बोट गेली की तिच्या मागं दोन तासांनी जनावरं काढणारी बोट येणार आहे, हे जर लोकांना आधीच माहीत असेल, आणि ते सांगणारा माणूस ओळखीचा, वॉर्डातलाच असेल, तर लोक निघतील. आजी निघाल्या असत्या. मीसुद्धा बंड्याला तसं तोंड न लपवता सांगून निघाले असते. अशी बोट चालवायला संस्था तयार आहेत, त्यांच्याकडं शिकलेली पोरं आहेत, पण पुराच्या वेळी त्यांना नाक्यावर अडवतात, पास आहे का विचारतात, बोट मागितली की उद्या बघू म्हणतात. त्यांची नावं आधीच आराखड्यात घाला, पास मे महिन्यात द्या, एक बोट त्यांच्या नावावर लिहा. पैसा फार लागत नाही याला.

बंड्या दोन वर्षांपूर्वी गेला, वय झालेलं. आजी आहेत, एक्क्याऐंशीच्या, मनी पण आहे, आता तिला दिसत नाही नीट. परवा मी आजींना घेऊन आमच्या वॉर्डातल्या शाळेत जाऊन आले, पुरात जिथं लोकांना ठेवतात तीच शाळा, उंचावर आहे. तिथं मागच्या बाजूला पत्र्याची सायकल शेड आहे, तिन्ही बाजूंनी बंद, नळ आहे, सुट्टीत रिकामीच असते. तीस पस्तीस कुत्र्यामांजरांचे पिंजरे आणि एका कडेला दहा बारा शेळ्या सहज मावतील. आम्ही गल्लीतल्या एकोणीस घरांच्या सह्या घेऊन तसा अर्ज दिलाय की पूर आला तर ही शेड जनावरांसाठी ठेवा, साफसफाई आम्ही करू. अजून उत्तर आलेलं नाही. मे संपत आलाय.

आपली नम्र,
एक वाचक, गावभाग, सांगली